पडद्यावरच्या नाचाला मंचाची कसोटी

नृत्यपटांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि महोत्सव आता जगात ठिकठिकाणी भरतात. न्यूयॉर्कचा ‘डान्स ऑन कॅमेरा’ १९७१ पासून चालू आहे. ब्युनोस आयर्समध्ये १९९५ पासून, तर ॲमस्टरडॅम आणि हाँगकाँगमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून असे महोत्सव होत आले आहेत. लिस्बनचा ‘इनशॅडो’ २००९ मध्ये सुरू झाला. पद्धत साधारण सारखीच असते. देशोदेशींहून दोन-पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचे लघुपट येतात, त्यांतले निवडक पडद्यावर दाखवले जातात, नृत्यरचनाकार आणि दिग्दर्शक असे दोन्हीकडचे जाणकार परीक्षक म्हणून बसतात आणि बक्षिसं जाहीर होतात. फरक पडतो तो प्रत्यक्ष नृत्याच्या बाबतीत. लिस्बनला स्पर्धेतल्या पटांच्या जोडीने मंचावरचे प्रयोग, मांडणशिल्पं, कार्यशाळा असं सगळं एकाच कार्यक्रमपत्रिकेत असतं. एरवी मात्र प्रत्यक्ष नृत्य असलंच तर ते उद्घाटनाच्या संध्याकाळी, पाहुण्यांच्या भाषणांच्या आधी, तोंडी लावण्यापुरतं. महोत्सव पडद्याचा आहे, मग मंचाचा खर्च आणि खटाटोप कशाला, असा त्यामागचा हिशेब. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. नृत्यपटांची स्पर्धा भरवायची तर प्रत्यक्ष नृत्य त्याच ठिकाणी, त्याच दिवसांत, त्याच प्रेक्षकांसमोर झालं पाहिजे. ते नसेल तर आपण नक्की कशाला दाद देतोय हे परीक्षकालाही कळेनासं होतं आणि प्रेक्षकालाही.

हे पटायचं तर नृत्यपट ही काय चीज आहे ते आधी जवळून पाहायला हवं. १९४५ मध्ये अमेरिकेत माया डेरेन या दिग्दर्शिकेने टॅली बीटी या नर्तकाला घेऊन ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ नावाचा जेमतेम तीन मिनिटांचा मूकपट केला. झाडीत कॅमेरा संथपणे एका बाजूने वळत जातो. त्या एका वळणात बीटी पुन्हा पुन्हा दिसतो, दर वेळी नव्या जागी. मग तो पाय उचलतो. पाय उचललेला असतो झाडीत आणि टेकतो तो एका घरातल्या खोलीच्या जमिनीवर. पुढे संग्रहालयाच्या दालनात तो गिरकी घेतो. ती सुरू होते संथ आणि वेग घेत घेत इतकी वाढते की चेहरा ओळखू येईनासा होतो. शेवटची उडी बरेच तुकडे जोडून बांधलेली आहे. त्यामुळे तो हवेत इतका वेळ राहतो, की हाडामांसाच्या माणसाला ते शक्यच नाही. बीटी कसलेला नर्तक होता, कॅथरीन डनहॅम यांच्या पथकात घडलेला. तरीही ही रचना त्याच्या एकट्याच्या देहात सापडत नाही. ती एक चित्रचौकट संपून दुसरी सुरू होते त्या सांध्यात आहे. तीच उडी त्याने मंचावर मारली असती तर ती दुसरीच उडी झाली असती. डेरेनने पटाच्या श्रेयात त्याचं नाव आपल्या नावाशेजारी घातलं, ते औदार्य म्हणून नसावं. काम खरोखरच दोघांचं होतं.

हिलरी हॅरिस यांनी १९६६ मध्ये ‘नाइन व्हेरिएशन्स ऑन अ डान्स थीम’ या लघुपटात हाच मुद्दा प्रयोगशाळेतल्यासारखा सिद्ध करून दाखवला. बेट्टी डी यॉंग ही नर्तकी रिकाम्या दालनात एक छोटीशी रचना करते: जमिनीवरून उठणं, वळणं, हात पसरणं, पुन्हा जमिनीवर येणं. मिनिटाच्या आतला ऐवज. तीच रचना पटात नऊ वेळा येते. सुरुवातीला पूर्ण देह दिसतो, कॅमेरा अदबीने अंतर राखून फिरतो. पुढच्या आवृत्त्यांत तो जवळ सरकतो, खांदा, पाठ, पाऊल असे तुकडे उचलतो; कात्री जलद चालू लागते. नर्तकी तीच आहे, हालचालीही त्याच, पण शेवटाकडे आपण पाहत असतो तो नाच पहिल्याचा दूरचा नातलगही वाटत नाही. इथून आणखी एक पाऊल पुढे गेलं की ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड हिंटन यांचा ‘बर्ड्स’ येतो. २००० साली ‘डान्स स्क्रीन’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पडद्यासाठीच्या नृत्यरचनेचं पारितोषिक त्याला मिळालं. या पटात एकही माणूस नाचत नाही. पक्ष्यांचं आधीच झालेलं चित्रण घेऊन, त्यांच्या माना वळवण्याला, पंख झटकण्याला, पाण्यावर उतरण्याला कापून-जोडून लय दिलेली आहे. नृत्यस्पर्धेचं बक्षीस बगळ्या-बदकांना, अशी थट्टा कोणालाही सुचेल. पण परीक्षकांचा निर्णय मला योग्य वाटतो. हालचालीला काळात बांधणं म्हणजे नृत्यरचना, आणि पडद्यावर ते बांधकाम संकलकाच्या मेजावर होतं, ही गोष्ट त्या निकालाने आडपडदा न ठेवता मान्य केली.

परीक्षकांची पंचाईत सुरू होते ती मात्र इथूनच. कारण स्पर्धांना येणारे सगळे पट असे लख्ख नसतात, आणि त्यांत दोन प्रकारची फसगत सारखी भेटते. पहिली जुनी आहे. उत्तम नाच झाला, समोर कॅमेरा होता, चित्रण झालं. नर्तकीची तयारी इतकी दांडगी असते की पाहणारा भारावून जातो आणि पटाला गुण देतो. त्या गुणांचा खरा मालक असतो तिचा बारा-पंधरा वर्षांचा रियाज. दुसरी फसगत अलीकडची आणि जास्त देखणी. ओसाड कारखाना, नाहीतर समुद्राची पुळण, नाहीतर बर्फाचं मैदान, संथ गतीत उडणारं वस्त्र, वरून ड्रोनने टिपलेला एकटा देह, पार्श्वभूमीला पियानो. (बंद पडलेल्या कारखान्यांना असा काही उपयोग सापडेल हे त्यांच्या मालकांच्या स्वप्नातही आलं नसेल.) इथे गुण पटकावतात स्थळ आणि भिंग. त्या चौकटीत नाच काढून नुसता एखादा माणूस चालवला तरी चित्र तितकंच सुरेख दिसेल. दोन्ही फसगती पचतात, कारण सकाळपासून अंधारात बसून एकामागून एक पट पाहणाऱ्या डोळ्यांना तुलनेला काही नसतं. देहाला वजन असतं, त्याला धाप लागते, तो चुकू शकतो, याचा विसर पडायला दिवसभराचं पडदादर्शन पुरेसं होतं.

आता त्याच सभागृहात, दोन सत्रांच्या मध्ये, एखादी कथक नर्तकी तासभर नाचली असं धरू. ततकाराचा आवाज कानांइतकाच जमिनीतून पायांना कळतो. तिहाई (तोच बोल तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं) सुरू झाली की सभागृह आपसूक पुढे सरकून बसतं, कारण ती चुकण्याची शक्यता खरी असते. समेवर पाय अचूक पडतो तेव्हा सुटणारा निःश्वास हा त्या धोक्याचा मोबदला आहे. आता हीच तिहाई पडद्यावर पाहा. तिथे सम कधीच चुकत नाही, कारण चुकलेलं चित्रण केव्हाच बाद झालेलं असतं. सम संकलकाच्या हातात गेली की तिच्यातला धोका संपतो. म्हणजे जो पट नुसती तिहाई दाखवून टाळी मिळवतो, तो मंचावर कमावलेला थरार उसना घेऊन खर्च करत असतो. डेरेनच्या उडीत तसं काही उसनं नाही. बीटी खाली येणार कधी आणि कुठे, ही उत्सुकता केवळ पडद्यावरच निर्माण होऊ शकते. हा फरक पुस्तकात वाचून समजतो खरा, पण निकाल देताना उपयोगी पडतो तो डोळ्याला आणि पावलांना तासाभरापूर्वी समजलेला फरक. प्रत्यक्ष नृत्याचं महोत्सवातलं काम एवढंच आणि फार मोठं आहे. पडद्याला जे जमत नाही ते त्याने आधी दाखवून ठेवायचं. म्हणजे पडद्याला जे केवळ त्यालाच जमतं, ते उठून दिसतं.

मराठी वाचकाला याचा सर्वांत जवळचा पुरावा बैठकीच्या लावणीत सापडेल. बसून, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत, दर खेपेला भुवई, मनगट आणि पदराचा काठ यांनी तिचा वेगळा अर्थ काढणारी ही अदाकारी मुळात थोड्या, हाकेच्या अंतरावरच्या रसिकांसाठी घडली. मोठ्या नाट्यगृहात विसाव्या रांगेतल्या माणसाला भुवई दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती ढोलकी आणि नऊवारीचा रंग. कॅमेरा ती भुवई परत देऊ शकतो. सिनेमातला जवळचा दृश्यखंड आणि बैठकीची पहिली रांग यांच्यात फारसं अंतर नाही. मात्र बैठकीतली दुसरी अर्धी बाब कॅमेऱ्याच्या हाती लागत नाही. कलावंत समोरच्यांपैकी एकाला हेरते, ओळ त्याच्यावर टाकते, तो लाजतो किंवा उत्तर देतो, आणि त्या उत्तरावर पुढची अदा ठरते. भिंगात पाहून केलेली अदा कोणालाच उद्देशून नसते आणि सगळ्यांनाच असते. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी २००८ मध्ये ‘नटले तुमच्यासाठी’ हा लावणी कलावंतांवरचा माहितीपट केला. पुढे कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ मध्ये आलं आणि त्याच नावाचा मंचीय प्रयोगही उभा राहिला, ज्यात निवेदनाच्या सोबतीने शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या कलावंत प्रत्यक्ष लावणी करतात. एकाच विषयाला आधी कॅमेरा आणि नंतर मंच अशा दोन्ही वाटांनी भिडलेलं हे काम पाहिलं, की एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही हे लगेच ध्यानात येतं. पट जिथे पोहोचतो तिथे प्रयोग जाऊ शकत नाही; आणि प्रयोगात प्रेक्षकाला जी जबाबदारी पेलावी लागते, ती पट त्याच्यावर टाकू शकत नाही.

यावर चित्रपटवाल्यांचा पहिला आक्षेप असा, की कलाकृतीने स्वतःच्या पायांवर उभं राहावं. कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाला बक्षीस देताना कोणी सभागृहात कादंबरी वाचून दाखवत नाही. मग इथेच मंचाची कुबडी का? आक्षेप वजनदार आहे, पण तो भलत्याच गोष्टीवर घेतलेला आहे. पटात जो नाच आहे तोच मंचावर करून दाखवा आणि मूळ व नक्कल ताडून पाहा, असं कोणी म्हणत नाही. तसं केलं तर ‘बर्ड्स’चं काय करायचं हाही प्रश्नच आहे. मंचावरचा नाच पटाशी संबंध नसलेला असावा, आणि त्याला गुण देऊ नयेत. त्याचा उपयोग डोळा ताळ्यावर आणण्यापुरता. शिवाय कादंबरी वाचलेले लोक चित्रपटगृहात पुष्कळ असतात. जवळून, एका खोलीत, नाच पाहिलेले लोक आज शहरातसुद्धा किती निघतील? बहुतेकांचा नाचाशी परिचय फोनच्या उभ्या चौकटीत झालेला आहे. विम वेंडर्स यांच्यासारखा मातब्बर दिग्दर्शक जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश यांच्या नृत्यनाट्याने भारावून गेल्यावर जवळपास वीस वर्षं त्यांच्यावर पट करायचा राहिला, तो सपाट पडद्यावर मंचाचा अवकाश कसा आणायचा हे सुचेना म्हणून. त्रिमित तंत्र पाहिल्यावर त्यांना वाट सापडली. ‘पिना’ २०११ मध्ये आला, आणि तोवर, चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर, ३० जून २००९ रोजी, बाउश स्वतः गेल्या होत्या. वेंडर्सना जी उणीव वीस वर्षं टोचत राहिली, ती प्रेक्षकाला निदान एकदा टोचू द्यावी.

नृत्याकडच्यांचा आक्षेप उलट दिशेने येतो. त्यांच्या मते साधं, स्थिर, पूर्ण देह दाखवणारं चित्रणच नाचाशी प्रामाणिक असतं. कॅमेऱ्याच्या करामती म्हणजे नाचाची मोडतोड. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर आपला देह डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत राहावा आणि मध्ये कमीत कमी काटछाट व्हावी यासाठी हट्ट धरत असे, ही आठवण इथे हमखास काढली जाते. आपल्याकडे सत्यजित राय यांचा ‘बाला’ आहे. १९७६ चा हा माहितीपट मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेने आणि तमिळनाडू सरकारने मिळून काढला. तो ज्यांच्यावर आहे त्या भरतनाट्यम नर्तकी बालसरस्वती तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या. राय यांनी त्यांना समुद्रकिनाऱ्यावर नाचवलं, त्या वाऱ्यात पदर सांभाळावा लागतो आणि अभिनयाकडचं लक्ष उडतं. पण वर्णम् सादर होताना त्यांनी कॅमेऱ्याला फारसं मध्ये येऊ दिलं नाही. पट म्हणून ‘बाला’ राय यांच्या पहिल्या फळीतल्या कामांत बसत नाही, असं माझं मत. दस्तऐवज म्हणून मात्र तो अनमोल आहे, कारण बालसरस्वती आता कुठल्याच मंचावर भेटणार नाहीत. तेव्हा चित्रणाला हलकं लेखायचं कारण नाही. त्याला वेगळा विभाग द्यावा, काही महोत्सव देतातही, आणि तिथे निकष निष्ठेचे असावेत. सगळं एकाच ताटात वाढलं की दोन्ही प्रकारांवर अन्याय होतो. निष्ठावान चित्रण कल्पनाशून्य ठरतं आणि कल्पक पट नाचाचा गुन्हेगार.

खरा अवघड आक्षेप पैशांचा आणि पारपत्राचा आहे. पट एका दुव्यावर जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो. इंफाळ, नैरोबी किंवा ला पाझमधल्या तरुण नर्तकाला लिस्बनच्या पडद्यावर यायला विमानाचं तिकीट लागत नाही, व्हिसा कार्यालयात बँकेचं खातं दाखवावं लागत नाही. या प्रकाराची लोकशाही ती हीच. त्यात मंच आणला की श्रीमंत देशांतली अनुदानित पथकं वरचढ होणार आणि बाकीचे पडद्यावर राहणार, अशी भीती रास्त आहे. ती भीती खरी ठरते ती मंचावरही चुरस ठेवली तर. म्हणून मंचावर स्पर्धा नको, आणि बाहेरून पथकं मागवण्याचा अट्टहासही नको. ज्या गावात महोत्सव भरतो त्या गावचे नर्तक मंचावर यावेत, ठरलेलं मानधन घेऊन. लिस्बनला लिस्बनचे, पुण्याला पुण्याचे, पणजीला गोव्यातले. जग पडद्यावर येईल आणि गाव मंचावर. यात खर्च उरतो तो सभागृहाच्या एका कोपऱ्यात लाकडी जमीन, बऱ्यापैकी प्रकाशयोजना आणि दोन-चार मानधनांचा; उद्घाटनाच्या फुलांचा आणि शालींचा खर्च वळवला तरी त्यातला बराचसा निघेल.

करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हे महोत्सव ऑनलाइन गेले, प्रेक्षक घरबसल्या मिळाले, मग सभागृह तरी कशाला हवं, असंही विचारलं जातं. त्या दोन वर्षांत नाट्यगृहं बंद असल्याने कधी कॅमेऱ्याकडे न वळलेले नर्तकही नृत्यपट करू लागले आणि या प्रकाराची व्याप्ती एकदम वाढली, हे चांगलंच झालं. पण त्यांतले किती पट हे हुकलेल्या प्रयोगाचे बदली खेळाडू होते, हे आठवून पाहावं. गच्चीवर, दिवाणखान्यात, चौकटींत विभागलेल्या पडद्यावर माणसं नाचत होती, कारण दुसरीकडे नाचायला जागा नव्हती. मंच परत मिळाल्यावर त्यांतले बहुसंख्य नर्तक मंचाकडे परतले, आणि ज्यांना कॅमेऱ्याशीच बोलायचं होतं ते तिथे थांबले. ही निवड करता आली ती दोन्ही गोष्टी समोर असल्यामुळे.

आपल्याकडे हे सगळं पाश्चात्त्य खूळ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी थोडा इतिहास चाळावा. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच खेळात मिस आयरिन डेलमार यांचा नाच होता, विनोदी प्रवेश होता आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या एका कसरतपटूचा खेळही होता. भारतीय कथापटाची सुरुवातच पडदा आणि मंच यांच्या शेजारधर्मात झाली. नर्तक उदय शंकर यांनी १९४८ मध्ये ‘कल्पना’ काढला. नाचांची रांग असलेला, सावल्या आणि दुहेरी छायाचित्रण यांचा मनमुराद वापर करणारा हा पट तिकीटबारीवर चालला नाही. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या प्रतीच्या आधारे त्याचं पुनरुज्जीवन झालं आणि २०१२ मध्ये त्यातल्या नायिका अमला शंकर यांच्या उपस्थितीत तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच उदय शंकरांनी १९७० च्या सुमारास कोलकात्यात ‘शंकरस्कोप’ केला, ज्यात पडद्यावरची पात्रं पडद्यातून बाहेर येऊन मंचावर वावरत आणि पुन्हा पडद्यात शिरत. पडदा आणि मंच यांना एकत्र नांदवण्याची कल्पना लिस्बनहून आणायची गरज नाही, ती आपल्या घरात पन्नास वर्षं पडून आहे. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात १९४२ ते १९४४ या काळात शिकलेला एक तरुण पुढे पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये नृत्यदिग्दर्शनाचं काम करू लागला. तो गुरुदत्त. ‘कागज़ के फूल’ (१९५९) मधल्या रिकाम्या स्टुडिओतल्या प्रकाशझोताच्या प्रसंगात नायक-नायिका जवळपास जागच्या जागी उभे असतात, आणि हलतात ते प्रकाश, कॅमेरा आणि त्यांच्या देहांतून निघालेली प्रतिबिंबं. तो प्रसंग आज एखाद्या नृत्यपटांच्या स्पर्धेला पाठवला तर नाच कुठे आहे असं विचारणारे परीक्षक भेटतील. मला तो हिंदी चित्रपटातला अव्वल नृत्यपट वाटतो. गाण्यांमधल्या नाचांचा खजिना आपल्याकडे अफाट आहे, पण त्यांत कॅमेरा बहुधा नटाच्या आणि गाण्याच्या चाकरीत असतो. तो जिथे स्वतः रचना करतो अशा जागा वेचून काढायला स्पर्धा उपयोगी पडेल.

आता बक्षीस कोणाच्या नावावर द्यायचं, हा श्रेयाचा प्रश्न थोडक्यात. २०११ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउंटडाउन’ या गाण्याच्या चित्रफितीत आपल्या नृत्यरचना उचलल्या आहेत, अशी तक्रार बेल्जियमच्या ॲन टेरेसा डी कीर्समाकर यांनी केली. तुलना झाली ती ‘रोसास डान्स्ट रोसास’ या त्यांच्या १९८३ च्या मंचीय रचनेशी, पण तिच्याइतकीच त्या रचनेवरून थिएरी डी मे यांनी १९९७ मध्ये केलेल्या पटाशीही. म्हणजे जे उचललं गेल्याचं दिसत होतं, त्यात पावलं होती आणि चौकटीही होत्या. पुढे, २०१३ मध्ये, डी कीर्समाकर यांनी त्या रचनेतल्या खुर्चीवरच्या नाचाच्या हालचाली शिकवणाऱ्या फिती सर्वांसाठी खुल्या केल्या आणि आपापली आवृत्ती चित्रित करून पाठवायला सांगितलं. जगभरातून आल्या. शाळेच्या वर्गातल्या, स्वयंपाकघरातल्या, अंगणातल्या. पावलं एकच, पट मात्र वेगवेगळे. हॅरिस यांचा प्रयोग जणू हजारो हातांनी पुन्हा झाला. तेव्हा बक्षीस दोन नावांना, सारख्या वाट्याने द्यावं, रचनाकाराला आणि दिग्दर्शकाला. संकलकाचं नाव तिसरं आलं तर माझी हरकत नाही.

महाराष्ट्रात अशी स्पर्धा उभी करायला काय कमी आहे? पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे, चित्रपट संग्रहालयही त्याच रस्त्यावर. त्याच शहरात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या ‘नृत्यभारती’पासून आजवर कथकच्या पिढ्या घडल्या. फिल्म इन्स्टिट्यूटमध्येच शिकलेल्या अरुण खोपकर यांनी लीला सॅमसन यांना घेऊन भरतनाट्यमवर ‘संचारी’ केला, आणि कुमार शहानी यांनी ओडिसी गुरू केलुचरण महापात्रांवर ‘भवांतरण’. दोन्ही १९९१ चे. हे पट आज किती नृत्यशिक्षकांनी पाहिलेले असतील, आणि फिल्म शिकणाऱ्या किती मुलांनी कथकची मैफल पहिल्या रांगेत बसून ऐकली-पाहिली असेल, हा प्रश्न विचारला की उत्तर देताना दोन्हीकडचे लोक चुळबुळतील. म्हणूनच आणखी एक आक्षेप मला निम्मा मान्य आहे: आपल्याकडे स्पर्धेला लावण्याइतके पट नाहीत. नसतीलच. तर मग पहिली दोन-तीन वर्षं बक्षिसं ठेवूच नयेत. दिवसा ‘कल्पना’, ‘बाला’, ‘संचारी’ आणि डेरेनपासूनचे परदेशी पट लागावेत, संध्याकाळी त्याच जागी कथक, लावणी, गोव्याचं देखणी नृत्य व्हावं, आणि तिकीट एकच असावं. बाहेरचे पट मागवायचे आणि बक्षिसं सुरू करायची ती त्यानंतर. तेव्हा परीक्षकांत एक संकलक असावा आणि एक लावणीच्या संगीत बारीतली कलावंतही असावी, आणि तिचं मानधन परदेशाहून आलेल्या परीक्षकाइतकंच असावं.